आजीची कवळी

दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासात आजीने कवळी कागदी रुमालात गुंडाळून खिडकीपाशी ठेवली आणि डुलकी काढली. जाग आली तेव्हा डबा लख्ख झाडलेला होता आणि कवळी गायब. उद्या नातीचं लग्न! “माझी कवळी गेली!” म्हणत तोंडावर हात धरून ती रडायलाच लागली. ते ऐकून सफाईवाल्या बाईंचा चेहरा उतरला. “कचरा समजून मीच उचलली हो!” दाराशी बांधून ठेवलेल्या चारही पिशव्या त्यांनी एकेक करून उपसल्या. तासाभराने त्या कोमट पाण्यात तीनदा धुतलेली कवळी स्वच्छ वाटीत घेऊन आल्या. “आजी, चुकलं माझं. तक्रार तेवढी करू नका.” आजीने कवळी बसवली. “तक्रार कसली गं? बस इथे, माझ्याबरोबर दोन घास खा.” बाई मागे सरकल्या. “नको, हात कचऱ्याचे आहेत.” आजीने तेच हात घट्ट धरले. “यांच्यामुळेच उद्या मी फोटोत हसणार आहे.”