तीन खुर्च्या

परशू खुर्च्या डोक्यावर घेऊन मागच्या वाटेने आला, तेव्हा त्याची बायको गिरजा दारातच आडवी उभी होती.

"त्या परत ने," ती म्हणाली.

परशूला वाटलं, हिचं डोकं फिरलं. अख्ख्या वाडीत खुर्च्या तीनच, त्याही एकट्या गणपतीच्या घरच्या. पाहणीला आलेले साहेब एका घरून निघाले की चपला घालीपर्यंत त्या कुंपणावरून पुढच्या अंगणात जात होत्या. आल्यागेल्याला भुईवर बसवलं तर कुणब्याच्या घराची शोभा काय राहिली?

आजवर कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याचे सरकारी साहेब वेगळे यायचे, संस्थेच्या सुप्रियाअक्का वेगळ्या. प्रत्येकाने काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, हे ठरलेलं. यंदा कधी नव्हे ते दोघं एका जीपमधून उतरले. वाडीतल्या अगदी गरीब दोन घरांना पक्कं छप्पर मिळणार होतं, सामान सरकारचं आणि गवंडी संस्थेचे. वाडी हरखली आणि नको तेवढा पाहुणचार करून बसली.

शेजारच्या फुलाच्या अंगणात गिरजाने साहेबांचं कानडी ऐकलं होतं, तिला ते समजायचं. घरोघरी खुर्च्या आहेत, इथलं बरं चाललंय, ही दोन घरं पुढच्या गावाला देऊ, असं ते म्हणाले आणि अक्कांनीही मान हलवली. गेल्या पावसाळ्यात बाळंतीण लेकीचं अंथरूण गिरजाने गळतीपायी घरभर फिरवलं होतं.

"मानसं भुईवर बसवायची? आपल्यात कुनी केलंय कवा?" परशू म्हणाला.

"आज आपन करायचं."

बाहेर उन्हाने भुई तापलेली, म्हणून तिने चटई घरात अंथरली. बाकी सगळीकडे खुर्च्या अंगणातच मांडल्या होत्या, त्यामुळे कुणाचा उंबरा ओलांडायची वेळच आली नव्हती. साहेब कण्हत खाली बसले, हात मागे टेकला आणि नजर वर गेली. छपरातून उन्हाचे कवडसे त्यांच्या शर्टावर पडले होते. अक्कांच्या हातातला गूळ हातातच राहिला. हे घर नक्की, साहेब म्हणाले.

गिरजाचे डोळे भरून आले. गप्प बसली असती तर काम झालंच होतं, परशूही डोळ्यांनी तेच सांगत होता. पण कुंपणापाशी फुला उभी होती, खुर्च्या गणपतीच्या घरी पोचवायला आलेली. तिला नवरा नाही, आणि तिचं छप्पर गिरजाच्याहून वाईट होतं.

साहेब उठायला लागले.

"साहेब, वाडीत खुर्च्या तीनच हायत," गिरजा म्हणाली. "सगळीकडं त्याच फिरल्या. आमचं घर ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे, पन पैल्या घरापास्नं परत बघा. आनि ह्या वक्ताला आत जाऊन खाली बसा."