मधला नाला

नकाशात तिथं फक्त नाला होता. ओव्हरसियर नारायणरावांनी सायकलच्या हँडलवर नकाशा पसरला आणि मान वर केली. समोर चाळीसेक घरं होती. लोहार होता, सायकलवाला होता, दोन शिंपी होते. पिठाची गिरणी फटफट करत होती.

जिल्हा परिषदा होऊन दोन वर्षं झाली होती. कुठल्याच कागदावर नसलेली वस्ती उभी राहते कशी, याचा त्यांना उलगडा होईना. ते मनकर्णाबाईच्या चहाच्या दुकानात शिरले.

"बाई, हे गाव कुठलं?"

"गाव कुठचं, साहेब," ती चुलीवरचा चहा ढवळत म्हणाली. "तिकडून सरकारचा रस्ता आला, तो नाल्यापाशी थांबला. इकडून तुमच्या परिषदेचा आला, तोही नाल्यापाशीच थांबला. मधला नाला कोनाचाच नाही. मलकापूरची मोटर पल्याडच उभी राह्यते. मानसं उतरतेत, नाला ओलांडून इकडच्या मोटरीत बसतेत. पूर आला की दोन-दोन दिवस इथंच. कोनाले भूक लागते, कोनाची चप्पल तुटते. एक बाई तर इथंच बाळंत झाली. मंग ते लोकं गेलेच नाहीत."

"म्हणजे पूल असता तर..."

"तर मी माह्या गावातच राह्यली असती."

नारायणरावांना हसू आलं, आणि लगेच अवघडल्यासारखंही झालं.

"पूल होणार आहे, बाई. मी त्याच्याच मोजणीला आलोय."

चहा गाळता गाळता तिचा हात थांबला.

"मंग मोटर इथं थांबन काय?"

"ते मी कसं सांगू? ते एस.टी.वाले ठरवणार."

"अन् पूल कोन बांधन?"

"बांधणार आम्ही. पण मंजुरी मुंबईची. पलीकडचा काठ बांधकाम खात्याचा, त्यांची संमती लागेल. मग आमचा ठराव. तो पुन्हा मुंबईला जाईल."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. उरलेला चहा गाळला, कप त्यांच्यापुढं ठेवला आणि मागच्या दाराशी गेली. अंगणात तिचा नवरा नव्या खोलीसाठी तुराट्यांचा कूड बांधत होता.

"तुराट्या राहू द्या," ती म्हणाली. "इटा आना."