गाव विचारायचं राहिलं

हवालदाराने पाण्याचा पेला पुढे सरकवला. द्रौपदाबाईने त्याला हात लावला नाही. चोपड्याहून एसटीत उभ्याने आली होती, घसा सुकला होता, पण ती पाणी प्यायला आली नव्हती.

"अक्का, बसा तरी."

"बसायला मी काय सोयरीक घेऊन आली का?" ती टेबलापाशी उभीच राहिली. "सोमवारी याच खुर्चीवर बसली होती. तुझा चहाबी प्याली. सांगितलं तुला, जावयानं पोरीच्या अंगावर रॉकेल ओतलं, म्हणून सुनंदाला चोपड्याला माझ्या बहिणीकडे लपवली. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत. तू दार लावून घेतलं. म्हणला, अक्का, भिंतीलाबी कळणार नाही."

"मग? नाहीच कळलं."

"काल तो जावई, आधार, भावांना घेऊन जीपनं त्याच गल्लीत उतरला. कोणाला घर विचारलं नाही. माझ्या बहिणीनं, कमलनं, पोरीला धाब्याच्या छतावरून शेजारच्या घरात उतरवली म्हणून वाचली. कमलचा हात मोडला."

"कोणी नातेवाईक बोलला असेल."

"कमलला माहीत होतं. मला माहीत होतं. आणि तुला."

हवालदार टोपी पुसू लागला.

द्रौपदाबाईच्या दारात कोणीही येवो, बोहारीण नाहीतर बँकेचा साहेब, आधी गाव विचारलं जायचं, मग पाणी मिळायचं. सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. पण गावाच्या नावावरून ती सात पिढ्यांचं सोयरपण उलगडून ठेवायची. या एकाला तेवढं विचारलं नव्हतं. खाकी कपड्यालाही गाव असतं, हे ध्यानातच आलं नाही.

"तुन्हं गाव कोनतं रे भाऊ?" शहरी बोलणं सोडून ती आपल्या बोलीवर आली.

त्याने टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "सावखेडी."

आधारचं गाव.

"चुलतभाऊ लागतो तो माझा, अक्का. वाईटासाठी नाही सांगितलं. म्हटलं, नवरा समोर गेला तर पोरीचा राग उतरेल, संसार जुळेल. घरातली गोष्ट घरात राहील."

सुनंदाची कूस अजून उजवली नव्हती. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत द्रौपदाबाईने एकदाही मोडली नव्हती. आणि सोमवारी इथे बसून, बशीत ओतून, फुंकर मारून ती लेकीच्या सासरचा चहा प्याली होती. वर म्हणाली होती, साखर छान पडली.

हवालदाराने कोरा कागद ओढला. "झालं ते झालं. आता रीतसर तक्रार घेतो. पोर सध्या कुठे आहे ते सांगा. त्याशिवाय साहेब पुढे काही करत नाहीत."

"सांगावंच लागतं?"

"सांगावंच लागतं, अक्का. माझ्यावर भरोसा ठेवा."

तिने पेला उचलला, पाणी खिडकीबाहेर ओतलं आणि पेला त्या कोऱ्या कागदावर पालथा ठेवला.

"लिही," ती स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणाली. "पोर मायना पोटमा शे. सांग तुन्हा भाऊले, ये म्हना, तठून काढ."