माळ्यावरची कार्डं

"लाईट आली गं, पण तुझा बोर्ड परत सगळं विसरला." वडिलांचा, नानांचा, असा फोन आला, की लावण्या कॉलेजातला तास अर्धा टाकून घरी पळायची. घरच्या मागावर चादरीवरचा मोर तिच्या एफपीजीए बोर्डाच्या, म्हणजे कुठला धागा कधी उचलायचा ते मागाला सांगणाऱ्या सर्किटच्या, जिवावर विणला जायचा. वीज गेली की त्याची पाटी कोरी; पुन्हा लॅपटॉप जोडून नक्षी भरायची. म्हणून नानांनी बोर्डाआधी मागावर चालणारी नक्षीची जुनी, भोकाभोकांची पुठ्ठ्याची कार्डं माळ्यावर जपून ठेवली होती.

नवा बोर्ड घेताना मित्र म्हणाला, "मोठा बोर्ड घे, ताकदीचा." तिने फ्लॅशवाला छोटाच घेतला. वीज गेली तरी त्याला शिकवलेलं आठवतं. त्या छोट्या बोर्डाकडे बघून नाना पुटपुटले, "एवढंसं पोर मोर काय विणणार?"

आज शेवटच्या तासाला गावभर लाईट गेली आणि आली. फोन मात्र वाजेना. धास्तावून तिनेच लावला. पलीकडे माग खडखडत होता.

"नाना, लाईट गेली नव्हती?"

"गेली की. आली तशी मोराने पिसारा काढायला घेतला."

"मग फोन का नाही केलात?"

"कामात होतो. माळ्यावरची कार्डं बंबात घातली. पाणी कडकडीत तापलंय, अंघोळीला ये."