वडगुंदीची सावली

सकाळी अकराला सरकारने वडगुंदीवरची सावली काढून घेतली. आकाशात ताणलेला राखाडी पडदा शेजारच्या गावाकडे सरकत गेला आणि बावन्न अंशांचं ऊन थेट अंगणात उतरलं.

राज्याच्या हवामान खात्यातली हेमलता आईला शहरात न्यायला आली होती. पडदे मोजकेच, म्हणून ज्या गावात रेशनकार्डांवर पाचशे नावं नाहीत त्याला सावली नाही, हा नियम बारा वर्षांपूर्वी तिनेच लिहिला होता. तेव्हा वडगुंदीत पाचशे सहा नावं होती. आपलं गाव सुटू नये म्हणूनच तिने पाचशेचा आकडा धरला होता. पुढे दिल्लीने तोच नियम देशभर लावला. आता तो बदलणं राज्याच्याही हातात उरलं नव्हतं.

"किती भरलो गं आम्ही?" लुगड्यांचं गाठोडं बांधता बांधता आईने विचारलं.

"चारशे नव्याण्णव."

आईचे हात थांबले. बाहेर तुळस मान टाकत होती.

"तुझ्या लग्नानंतर कार्डावरचं तुझं नाव कमी करायला मीच गेले होते," ती म्हणाली. "आठवड्याच्या आत. उगाच घाई केली बघ."