अंगठ्याचा ठसा

"हलक्या हाताने धरा, ताई. अजून भाजायचीय ती. खडूसारखी कच्ची आहे," तेजल म्हणाली आणि वसुधाच्या डोक्यात सणक गेली. बाबांना जाऊन महिना झाला नव्हता, आणि त्यांच्या वस्तूला हात कसा लावायचा, हे त्यांच्या विद्यार्थिनीने तिला शिकवायचं!

लेथवर लोखंड कापणारी ती बोटभर टिप. टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्टची भुकटी दाबून बाबांनी प्रयोगशाळेत बनवलेली शेवटची. तिच्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा उमटला होता.

"सर स्वतः कधी हातमोजे घालायचे नाहीत. आम्हाला मात्र ओरडायचे," तेजल हसली.

घरी बाबा चार शब्द बोलत नसत. इथे ते ओरडतसुद्धा होते.

"अशीच दे. मी नेते."

"घरी पोचेपर्यंत भुगा होईल, ताई."

वसुधाने नाइलाजाने मान हलवली. तेजलने टिप मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवली. काचेआड ती हळूहळू लालभडक झाली. निवल्यावर बाहेर आली ती आक्रसून, पोलादाहून कठीण होऊन. ठसा शाबूत होता, फक्त लहान झाला होता, एखाद्या मुलाच्या अंगठ्याएवढा.

"घ्या. तुमचाच हक्क आहे," म्हणत तेजल पाठ फिरवून उगाच भट्टी पुसू लागली.

वसुधा दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, "ताई, एकदा हात लावू?"

वसुधा थांबली. तिने मूठ उघडली. टिप मात्र दिली नाही. तळहातावर ठेवूनच हात पुढे केला.