बंद पंखा

पापडी गावातल्या त्या घरात बाबा फरशीवर रांगोळीनं कुणाचा चेहरा काढायला बसले, की पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणंसुद्धा बंद. या वेळी चार दिवस ते झोपलेच नव्हते. शाळेतून आलेली जागृती श्वास रोखून भिंतीच्या कडेकडेनं सरकली. मागच्या चित्राच्या वेळी आई “डोळे जरा मोठे झालेत” म्हणाली, तेव्हा बाबांनी रंगाचा डबा भिरकावला. आईच्या कपाळावरची खोक अजून ओली होती. तेव्हापासून जागृतीचं ठरलेलं, बाबांनी विचारलं की हसायचं. “बघ गो, कोण ही?” फरशीवर तीच होती. ओठ मिटलेले, डोळे भेदरलेले, दाराकडे लागलेले. म्हणजे बाबांना सगळं दिसत होतं! तरी ती हसली. “छान झालीय, बाबा.” बाबांनी तिचा चेहरा न्याहाळला. “हसतेस? मग हिचे डोळे चुकले,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी पंखा लावला.